बारा मतांनी ठरलेला राष्ट्राध्यक्ष

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात पोर्तुगालच्या जुन्या वसाहतींवरील टिपणात केप व्हर्डे या देशाचा ओझरता उल्लेख आला होता आणि तेथील लोकशाही आफ्रिका खंडात नावाजली जाते, असे एक वाक्य आम्ही लिहिले होते. त्या वाक्यावर आलेल्या पत्रांतून निवडलेल्या प्रश्नांना या वेळी उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : हा देश केवढा आहे, आणि तिथे लोकशाही टिकली ती एखाद्या थोर नेत्याच्या पुण्याईने की आणखी कशामुळे? आपल्याकडे गोव्यात पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांचे नाव घेतल्याशिवाय राजकारणाची गोष्ट सुरू होत नाही. तिथे तसे कोण?
– एक निवृत्त शिक्षक, फोंडा

उत्तर : क्षेत्रफळाने हा देश गोव्याच्या जवळपास आहे. गोवा ३,७०२ चौरस किलोमीटर, केप व्हर्डे ४,०३३. मात्र ती जमीन पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यापलीकडे, अटलांटिक महासागरातल्या दहा बेटांवर विखुरलेली आहे आणि त्यांतील नऊ बेटांवरच वस्ती आहे. लोकसंख्या पाच लाखांच्या आसपास, म्हणजे गोव्याच्या साधारण एक तृतीयांश. पाऊस बेभरवशाचा, सुपीक जमीन थोडी. १९४० च्या दशकातल्या दुष्काळांत तिथे हजारो माणसे अन्नावाचून मेली, आणि जगण्यासाठी देश सोडण्याची रीत इतकी रुजली की आज बेटांवर जेवढी माणसे राहतात त्यांहून अधिक केप व्हर्डीय वंशाचे लोक बेटांबाहेर आहेत. नेत्यांची नावे मात्र आपल्याला ओळखीची वाटतील. पेरेरा, मोंतेरो, फोन्सेका, सिल्व्हा अशी ती यादी वाचताना गोव्यातल्या सासष्टीची मतदारयादी हातात आल्याचा भास होतो.

आता थोर नेत्याविषयी. असा नेता होता, यात शंका नाही. अमिल्कार काब्राल हे पेशाने कृषितज्ज्ञ होते. १९२४ साली पोर्तुगीज गिनीतील बाफाता येथे केप व्हर्डीय आईवडिलांच्या पोटी त्यांचा जन्म झाला. गिनी आणि केप व्हर्डे या दोन्ही वसाहतींच्या मुक्तीसाठी त्यांनी एकच पक्ष उभा केला, गिनीच्या जंगलात पोर्तुगीज लष्कराला जेरीस आणले, आणि २० जानेवारी १९७३ रोजी कोनाक्री येथे त्यांचा खून झाला. पोर्तुगालमध्ये २५ एप्रिल १९७४ ला क्रांती होऊन हुकूमशहा सालाझारने उभारलेली राजवट कोसळली. त्या उलथापालथीतून केप व्हर्डेला ५ जुलै १९७५ रोजी स्वातंत्र्य मिळाले. त्याच उलथापालथीमुळे गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने ३१ डिसेंबर १९७४ च्या करारान्वये मान्य केले, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही.

काब्राल स्वातंत्र्य पाहण्यासाठी जगले नाहीत, त्यामुळे त्यांना सत्ता कधी राबवावी लागली नाही. सत्तेच्या खुर्चीवर न बसलेल्या नेत्याची पुण्याई वारसांना वापरायला सोपी जाते, कारण तिच्यावर कारभाराचे डाग पडलेले नसतात. परंतु तीच पुण्याई, तोच पक्ष आणि तीच लढ्याची परंपरा गिनी-बिसाव (पूर्वीची पोर्तुगीज गिनी) या शेजारी देशाच्याही वाट्याला आली होती. तिथे १९८० च्या नोव्हेंबरात लष्करी उठाव होऊन काब्राल यांचे सावत्र भाऊ लुईस काब्राल यांना राष्ट्राध्यक्षपदावरून हटवण्यात आले, आणि तेव्हापासून त्या देशाची उठावांतून सुटका झालेली नाही. एका संस्थापकाच्या दोन वारसांची दोन टोके झाली असतील, तर संस्थापकाच्या थोरवीने केप व्हर्डेच्या लोकशाहीचा उलगडा होत नाही, एवढे मान्य करावे लागते.

आमच्या मते तो उलगडा निवडणुकीत हरलेल्या माणसांकडे पाहिल्यावर होतो. स्वातंत्र्यानंतर पंधरा वर्षे तिथे एकाच, म्हणजे मुक्तिलढ्यातल्या पक्षाचे राज्य होते. १९९० मध्ये त्या पक्षाने घटनेतील आपल्या मक्तेदारीचे कलम काढून टाकले, आणि १३ जानेवारी १९९१ रोजी पहिली बहुपक्षीय निवडणूक झाली. जेमतेम वर्षभरापूर्वी स्थापन झालेल्या, कार्लोस व्हेगा या वकिलांच्या नेतृत्वाखालील ‘लोकशाहीसाठी चळवळ’ या पक्षाने ७९ पैकी ५६ जागा जिंकल्या. महिन्याभराने राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आली. मुक्तिलढ्यातले काब्राल यांचे जवळचे सहकारी आणि देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष आरिस्तिदेस पेरेरा यांच्यासमोर आंतोनियो मास्कारेन्हस मोंतेरो हे माजी न्यायाधीश उभे होते. मोंतेरो यांना सुमारे तीन चतुर्थांश मते पडली. ज्या माणसाने देश मिळवून दिला त्याला देशाने इतक्या स्पष्ट शब्दांत घरी बसायला सांगितले, आणि तो बसला. बराकीतून कोणी बाहेर आले नाही, मतपेट्या कोणी फोडल्या नाहीत.

दहा वर्षांनी, फेब्रुवारी २००१ मध्ये, नेमके उलटे घडले. १९९१ पासून पंतप्रधान राहिलेले व्हेगा आता राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे होते आणि त्यांच्यासमोर होते पेद्रो पिरेस, म्हणजे १९९१ मध्ये ज्यांना हरवून व्हेगा पंतप्रधान झाले ते. दुसऱ्या फेरीत सुमारे दीड लाख मते पडली. बेटांवरची आणि परदेशांतील मतदारांची मते मिळून अंतिम बेरीज झाली तेव्हा पिरेस यांची आघाडी निघाली बारा मतांची. आपल्याकडे पंचायतीच्या एका प्रभागात बारा मतांचा फरक पडला तरी गावात महिनाभर कोण कोणाच्या घरी जेवायला गेला होता याची चर्चा चालते. इथे तर राष्ट्राध्यक्षपद पणाला लागले होते. व्हेगा यांच्या बाजूने तक्रारी झाल्या, त्या न्यायालयापुढे गेल्या, न्यायालयाने निकाल दिला आणि पिरेस यांचा शपथविधी झाला. व्हेगा यांनी २००६ मध्ये पुन्हा पिरेस यांच्याविरुद्ध निवडणूक लढवली आणि ते हरले, २०२१ मध्ये तिसऱ्यांदा लढवली आणि तेव्हाही हरले. या गृहस्थांना कोणी पुरस्कार दिल्याचे ऐकिवात नाही. आमच्या लेखी मात्र त्या लोकशाहीचे श्रेय वाटायचे झाले तर मोठा वाटा त्यांचा आहे.

आपण भाऊसाहेबांचे नाव काढलेत, म्हणून त्यांच्याकडेही याच बाजूने पाहावेसे वाटते. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की वेगळा राहावा, यावरच्या १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाआधी त्यांनी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवटीत मतदान झाले. विलीनीकरणाचे चिन्ह फूल होते, वेगळ्या अस्तित्वाचे दोन पाने. फुलाला १,३८,१७० आणि दोन पानांना १,७२,१९१ मते पडली. या मासिकाच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी तेव्हा फुलाचाच प्रचार झाला असेल, त्यामुळे ती जखम किती खोल होती हे निराळे सांगण्याची गरज नाही. ज्या प्रश्नावर त्यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष जन्माला आला तोच प्रश्न हरल्यावर भाऊसाहेबांनी कौल मान्य केला, थोड्याच आठवड्यांत झालेल्या विधानसभा निवडणुकीला पक्ष पुन्हा सामोरा गेला आणि त्याच लोकांनी त्याला पुन्हा सत्ता दिली. त्यांनी काढलेल्या शाळांविषयी आपण नेहमी बोलतो, आणि ते योग्यच आहे. १९६७ च्या पहिल्या तीन महिन्यांविषयी मात्र आपण फार कमी बोलतो.

प्रश्न : पंधरा वर्षे एकपक्षीय राजवट चालवणाऱ्या पंतप्रधानाला पुढे लोकशाहीसाठी लाखो डॉलरचा पुरस्कार मिळाला, हे विसंगत नाही का?
– महाविद्यालयीन विद्यार्थिनी, काणकोण

उत्तर : आहे, आणि ही विसंगती झाकून ठेवण्याचे कारण नाही. पेद्रो पिरेस १९७५ ते १९९१ पंतप्रधान होते. त्या काळात दुसरा पक्ष काढण्यास बंदी होती. १९८१ मध्ये सांतो आंताव बेटावर जमीन सुधारणेला विरोध झाला तेव्हा सरकारने बळाचा वापर केला आणि लोकांना तुरुंगात टाकले. त्या दिवसांत टीकेचा आवाज उठवणाऱ्यांत ‘तेरा नोव्हा’ हे चर्चच्या वर्तुळातून निघणारे मासिक होते, ही गोष्ट गोव्यातील वाचकांना विशेष वाटावी. १९९० मधील बदलही केवळ अंतःप्रेरणेने झाला नाही. सोव्हिएत गट कोसळत होता, मदत देणाऱ्या देशांची भाषा बदलली होती, आणि आपण निवडणूक जिंकू असा सत्ताधाऱ्यांचा बहुधा समज होता.

तरीही त्याच राजवटीच्या खात्यावर जमेच्या बाजूला एक मोठी नोंद करावी लागते. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देश दीर्घ अवर्षणात होता आणि परदेशी अन्नमदतीवर जगत होता. मदत म्हणून आलेला मका आणि इतर धान्य फुकट वाटून टाकण्याऐवजी सरकारने ते बाजारात विकले, त्या पैशांतून रोजगाराची कामे काढली, आणि त्या मजुरीवर लोकांनी डोंगरउतारांवर पायऱ्यापायऱ्यांची शेते बांधली, ओढ्यांना बांध घातले, झाडे लावली. आलेल्या धान्याचा आणि पैशाचा हिशेब देणाऱ्यांना देता येत असे, ही त्या काळात खंडभर दुर्मीळ असलेली गोष्ट होती. पुढे निवडणुका आल्या तेव्हा सरकार म्हणजे लुटीचे साधन ही समजूत तिथे रुजलेली नव्हती. सत्ता गेली म्हणजे सर्वस्व गेले असे ज्यांना वाटत नाही त्यांना सत्ता सोडणे सोपे जाते. एकपक्षीय राजवटीने नकळत लोकशाहीची अशी पूर्वतयारी केली, हे लिहिताना आम्हालाही थोडे अवघडल्यासारखे होते, पण ते खरे आहे. २००७ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांनी या देशाला सर्वांत अविकसित देशांच्या यादीतून बाहेर काढले. त्याआधी ते फक्त बोत्स्वानाला जमले होते.

पुरस्काराविषयी. मो इब्राहिम पुरस्कार हा आफ्रिकेतील लोकनियुक्त शासनप्रमुखाने घटनेने दिलेली मुदत पाळून पद सोडले तरच मिळतो, आणि पात्र माणूस सापडला नाही तर त्या वर्षी कोणालाच दिला जात नाही. २००९ आणि २०१० ही दोन्ही वर्षे कोरडी गेली, आणि २०११ मध्ये तो पिरेस यांना मिळाला. रक्कम ५० लाख डॉलर दहा वर्षांत विभागून आणि त्यानंतर दर वर्षी दोन लाख डॉलर तहहयात. राष्ट्राध्यक्षपदाच्या दोन मुदती पूर्ण झाल्यावर घटना बदलून तिसरी मुदत मिळवण्याच्या वाटेला ते गेले नाहीत, हे त्यामागचे एक मुख्य कारण. मुदत संपल्यावर घरी जाण्यासाठी इतके पैसे मोजावे लागतात, यात खंडाच्या राजकारणावर केवढी टीका आहे! पिरेस १९९१ मध्ये पराभव पत्करून बाजूला झाले तेव्हा मात्र असला पुरस्कार अस्तित्वात नव्हता, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

प्रश्न : सरकार बदलले की जुन्या नेत्यांची नावे, पुतळे, चिन्हे पुसण्याची साथ सगळीकडे आहे. तिथे काय झाले?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : तिथेही झाले. मुक्तिलढ्यातील पक्षाच्या झेंड्यावरून घेतलेला लाल, पिवळा आणि हिरवा राष्ट्रध्वज १९९२ मध्ये नव्या बहुमताने रद्द केला आणि दहा ताऱ्यांचे वर्तुळ असलेला निळा ध्वज आणला. १९९६ मध्ये राष्ट्रगीतही बदलले. जुना ध्वज शेजारच्या गिनी-बिसावच्या ध्वजासारखाच होता आणि एका पक्षाचा होता, हा युक्तिवाद चुकीचा नव्हता. पण ज्यांनी त्या ध्वजाखाली भावंडे गमावली त्यांना विश्वासात न घेता तो उतरवला गेला, असे आम्हाला वाटते, आणि ५ जुलै मोठा की १३ जानेवारी मोठा हा वाद तिथे अजून अधूनमधून पेटतो, त्याचे मूळ तिथे आहे. एक पक्ष म्हणतो स्वातंत्र्य १९७५ ला आले, दुसरा म्हणतो खरे स्वातंत्र्य १९९१ ला. जानेवारीत आठवड्याच्या अंतराने दोन सार्वजनिक सुट्ट्या येतात. १३ तारखेला स्वातंत्र्य आणि लोकशाही दिन, २० तारखेला, म्हणजे काब्राल यांच्या हत्येच्या दिवशी, राष्ट्रीय वीर दिन. दोन्ही पक्षांनी आलटून पालटून राज्य केले, पण दुसऱ्याची सुट्टी कोणी रद्द केली नाही.

विमानतळांची नावे पाहिली की हा समझोता अधिक स्पष्ट होतो. साल बेटावरचा विमानतळ काब्राल यांच्या नावाचा, बोआ व्हिस्ता बेटावरचा पराभूत राष्ट्राध्यक्ष पेरेरा यांच्या नावाचा, मिंदेलो शहराजवळचा सेझारिया एव्होरा या गायिकेच्या नावाचा, आणि राजधानी प्राया येथील विमानतळ नेल्सन मंडेला यांच्या नावाचा. मोपाच्या विमानतळाला कोणाचे नाव द्यावे यावर आपल्याकडे किती शाई सांडली ते वाचकांना आठवत असेल. अखेर मनोहर पर्रीकरांचे नाव लागले, आणि भाऊसाहेबांच्या नावाचा आग्रह धरणारे नाराज राहिले. या वादात कोणाची बाजू घ्यावी असे आम्हाला वाटत नाही. एक मात्र सुचवावेसे वाटते : मिरामारला भाऊसाहेबांची समाधी आहे आणि जनमत कौलात त्यांच्याविरुद्ध उभे राहिलेले डॉ. जॅक सिक्वेरा यांचा पुतळा जवळच दोना पावलाला आहे. मुलांना समुद्रावर नेताना दोन्ही ठिकाणी थांबावे.

प्रश्न : मग गोव्याने त्यांच्याकडून शिकावे असे काही आहे का? आमच्या आमदारांना एका पक्षात पाच वर्षे काढणे जमत नाही.
– एक व्यापारी, मडगाव

उत्तर : तिथे मतदार बेटनिहाय मतदारसंघात पक्षाच्या यादीला मत देतात आणि मतांच्या प्रमाणात जागा वाटल्या जातात. संसदेच्या ७२ जागांपैकी ६ परदेशांतील केप व्हर्डीय निवडतात. अशा रचनेत ‘मी माझ्या बळावर निवडून आलो, म्हणून मी माझ्या मर्जीने जाईन’ असे म्हणणे उमेदवाराला अवघड जाते. आपली निवडणूकपद्धत वेगळी आहे, आणि ती एका राज्यापुरती बदलता येत नाही. १९८५ मध्ये पक्षांतर रोखण्यासाठी राज्यघटनेला दहावी अनुसूची जोडली गेली. पण दोन तृतीयांश सदस्य एकत्र गेले तर त्याला विलीनीकरण मानण्याची पळवाट तिच्यात राहिली. २०१९ मध्ये काँग्रेसच्या पंधरापैकी दहा आमदारांनी आणि सप्टेंबर २०२२ मध्ये अकरापैकी आठ आमदारांनी तिच्यातूनच भाजपची वाट धरली. दुसऱ्या खेपेला तर निवडणुकीआधी देऊळ, चर्च आणि दर्गा अशा तिन्ही ठिकाणी पक्षनिष्ठेच्या शपथा घेतल्या गेल्या होत्या. शपथा तीन ठिकाणी घ्याव्या लागल्या तेव्हाच मतदाराने काय ते समजायला हवे होते, असे म्हटले तर ते कठोर होईल, पण चुकीचे होणार नाही. विरोधी बाकावर पाच वर्षे बसण्याची ज्याची तयारी नाही त्याला हरता येत नाही, आणि आमच्या पहिल्या उत्तराचा सगळा रोख तोच होता.

तिथे सारे आलबेल आहे असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. रोजगाराअभावी तरुण अजूनही देश सोडतात. २०१६ च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत एक तृतीयांशाच्या आसपास मतदार बाहेर पडले आणि २०२१ मध्येही ते निम्म्यापर्यंत पोहोचले नाहीत. मतदानाच्या बाबतीत शिकवणी घ्यायची तर त्यांनी गोव्याकडून घ्यावी.

प्रश्न : केप व्हर्डेच्या मुक्तिलढ्याशी गोमंतकीयांचा काही संबंध होता का?
– एक वाचक, बार्देश

उत्तर : होता. एप्रिल १९६१ मध्ये, म्हणजे गोवा मुक्त होण्याच्या आठ महिने आधी, पोर्तुगीज वसाहतींतील राष्ट्रवादी संघटनांची परिषद मोरोक्कोतील कासाब्लांका येथे भरली आणि त्यांची संयुक्त संघटना उभी राहिली. त्या कामात अमिल्कार काब्राल यांच्या बरोबरीने वावरणाऱ्यांत आकिनो द ब्रागांझा हे १९२४ साली बार्देशात जन्मलेले गोमंतकीय होते. पुढे ते मोझांबिकमध्ये राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल यांचे सल्लागार झाले, आणि १९८६ च्या ऑक्टोबरात ज्या विमान अपघातात माशेल गेले त्याच अपघातात त्यांचाही अंत झाला. केप व्हर्डेच्या सांतियागो बेटावर ताराफाल येथे सालाझारच्या राजवटीने १९३६ मध्ये उघडलेला राजकीय कैद्यांचा तळ आज संग्रहालय म्हणून पाहता येतो. आपल्या स्वातंत्र्यसैनिकांना पोर्तुगालमधील ज्या पेनिश आणि काशियास किल्ल्यांत डांबण्यात आले त्याच तुरुंगव्यवस्थेचा तो एक भाग होता.